आरटीईचे फॉर्म, आमची सोसायटी आणि टेकडीवरची बिऱ्हाडं

भांडुप पश्चिमेला राहणाऱ्यांना हे माहीतच आहे, एलबीएस रोडला टॉवर आणि मागे टेकडीवर चाळी नि बैठी घरं. सकाळी टेकडीवरून माणसं खाली उतरतात, कोणी धुणंभांड्याला, कोणी वॉचमनच्या ड्युटीला, कोणी रिक्षा काढायला, आणि रात्री परत वर चढतात. टॉवरवाल्यांना वर जायचं तसं काही कारणच नसतं. आम्हाला ते मिळालं आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या खासगी शाळांतल्या राखीव जागांच्या फॉर्मांमुळे, आणि गेली काही वर्षं थंडी सुरू झाली की आमच्या चार-पाच घरांची ही सीझनची ड्युटीच होऊन बसलीय. नक्की काय काय करावं लागतं असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाचं लिहून काढतेय, लांबलंय, वेळ असेल तेव्हा वाचा.

सुरुवात झाली आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींच्या नातवापासून. मावशी म्हणाल्या, "ताई, त्या पंचवीस टक्क्यांत पोराचं नाव घालायचंय, सायबरवाला पाचशे मागतोय, देऊन टाकू का?" म्हटलं थांबा जरा, आधी बघू तरी. बघितलं तर फॉर्म फुकट, ऑनलाइन, मोबाइलवरून पण भरता येतो. पाचशे रुपये एकवेळ ठीक आहे हो, पण काही सायबरवाले फॉर्ममध्ये स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतात, म्हणजे ओटीपी त्यांना, एसएमएस त्यांना, पासवर्ड त्यांच्याकडे, आणि लॉटरी लागली तरी घरच्यांना पत्ता नाही. मावशींच्या शेजारच्या घरात हे खरंच झालेलं, पोराचं नाव यादीत होतं आणि आईबापाला कळलं तेव्हा प्रवेशाची मुदत उलटून गेली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात कलम १२ आहे, त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या एंट्रीच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांना द्यायच्या, आठवीपर्यंत फी नाही, ती सरकार शाळेला देणार. आपल्याकडे राज्यभराची एकच ऑनलाइन सोडत निघते. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत, नर्सरीसाठी तीन. फॉर्ममध्ये जास्तीत जास्त दहा शाळा निवडता येतात. आणि नाक्यावरचं जे कॉन्व्हेंट प्रत्येक आईला हवं असतं ते यादीत दिसतच नाही, कारण अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हे लागू नाही, २०१४ ला सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय. हे समजावून सांगताना दरवर्षी कोणाचा तरी चेहरा पडतो. एक आई मला म्हणाली, "तुम्ही नीट बघा ना ताई, खाली असंल कुठंतरी." आम्ही दोघींनी मिळून यादी वरपासून खालपर्यंत परत बघितली, तेव्हा कुठे तिची खात्री पटली.

सगळ्यात वैताग आणणारा विषय उत्पन्नाच्या दाखल्याचा. एससी, एसटी, ओबीसी, भटके-विमुक्त वगैरे असाल तर जातीचा दाखला पुरतो, उत्पन्नाची अट नाही. ओपनमधल्यांना मात्र वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. एक लाख! म्हणजे महिन्याला साधारण आठ हजार तीनशे, आणि टेकडीवर पत्र्याच्या एका खोलीचं भाडं किती चाललंय ते विचारून बघा. आमच्या बी विंगच्या वॉचमनना महिन्याला चौदा हजार मिळतात, साताऱ्याकडचे आहेत, दोन मुलं, बायको घरीच, आणि ते या कायद्याच्या हिशोबाने गरीब नाहीत. आम्ही त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की काका यात तुमचं बसत नाही. कमी उत्पन्नाचा दाखला काढून देणारे एजंट आहेत, सगळ्यांना माहितीयत, पण त्या वाटेला आम्ही कोणालाच जाऊ देत नाही, कारण पुढे पडताळणीत सापडलं तर प्रवेश रद्द होतो आणि मग पोर ना इकडचं ना तिकडचं. त्यांच्या मुलीला शेवटी महापालिकेच्या मुंबई पब्लिक स्कूलमध्ये घातलं, आणि खरं सांगू का, तिचं मस्त चाललंय, दप्तर-गणवेशापासून त्या प्रसिद्ध २७ वस्तू पण मिळतात. खासगी शाळा म्हणजेच चांगली शाळा हे वेड आपण टॉवरवाल्यांनीच वरपर्यंत पोचवलंय असं माझं स्पष्ट मत आहे. पण ज्यांचा हक्क आहे आणि ज्यांना जायचंय त्यांचा फॉर्म तरी नीट भरला जावा ना.

पत्त्याचा पुरावा हा दुसरा घोळ. आधारवर पत्ता गावचा, कोणाचा रत्नागिरीकडचा तर कोणाचा जौनपूरचा, रेशनकार्ड अजून सासऱ्यांच्या नावावर, लाइटबिल घरमालकाचं. बाकी काहीच नसेल तर भाडेकरार चालतो पण तो रजिस्टर्ड हवा, स्टॅम्पपेपरवर सही ठोकलेला नाही. आता वस्तीतला कुठला घरमालक भाडेकरार रजिस्टर करून देतो? एक घरमालक तर आमच्या तोंडावर म्हणाला, "उद्या खोलीवर हक्क सांगितला तर तुम्ही येणार काय?" त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्याची भीती पण अगदीच खोटी नाही, टेकडीवर एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची, चर्चा कायम चालूच असते. मग उरतो आधारवरचा पत्ता बदलणं, त्याला वेळ लागतो. म्हणून आता आम्ही नवरात्रातच सांगायला सुरू करतो, कागद काढा, बघा काय काय आहे. मुलाचा जन्मदाखला सुद्धा बाहेर काढून नीट वाचायचा, कारण बऱ्याच दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं आईबापाचं असतं. नोंद झाल्यापासून वर्षाच्या आत नाव घातलं तर पैसे लागत नाहीत, नंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, आपल्याकडे ते काम महापालिकेच्या एस वॉर्डच्या ऑफिसात होतं.

यात आम्हाला खरा हात दिला तो अंगणवाडीच्या सेविकाताईंनी. १९७५ पासून ही योजना चालू आहे पण माझ्यासारखीला अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि पोलिओ डोस एवढंच माहीत. ताईंकडे जाडजूड रजिस्टरं, कुठल्या गल्लीत कुठल्या घरात किती वर्षांचं पोर आहे, कोणाचं वजन कमी आहे, कोण गावाला गेलंय, कोणाची आई एकटी आहे, सगळं हातात. आम्ही व्हॉट्सॲपवर मेसेज फिरवत बसलो होतो तर त्या म्हणाल्या, "मेसेज कोण वाचतंय, मी नावं काढून देते, तुम्ही फक्त बसा." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी कोणाचं वय बसतंय अशा मुलांची अख्खी यादी.

बसायचं कुठे यावरून मात्र सोसायटीत रामायण झालं. मी म्हटलं क्लबहाऊस रविवारी सकाळी रिकामंच असतं. सेक्रेटरीकाका म्हणाले क्लबहाऊस मेंबरांसाठी, बाहेरच्यांसाठी द्यायचं तर जनरल बॉडीत ठराव लागेल. मग गणपती मंडळाचं टेबल आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन आम्ही स्टिल्ट पार्किंगमध्ये बसलो. आया पोरांना घेऊन यायच्या, फॉर्म भरेपर्यंत पोरं काय करणार, गार्डनमध्ये घसरगुंडीवर गेली. ती घसरगुंडी एरवी रिकामीच असते कारण आमची पोरं रविवारी सकाळी अबॅकस नाहीतर फुटबॉल कोचिंगला. तर कोणीतरी वरच्या गॅलरीतून फोटो काढून ग्रुपवर टाकला, "गार्डनमध्ये बाहेरची मुलं, सिक्युरिटी काय करतेय?" त्यावर दिवसभर मेसेज, कोणी बाजूने कोणी विरोधात, शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी एकच व्हॉइस मेसेज टाकला, "अहो ती माझ्याकडे येणाऱ्या सखूबाईची नात आहे, बाहेरची कुठून, रोज माझ्या घरी पोहे खाते." तेवढ्यापुरतं शांत झालं.

पण माझ्या मते गार्डनपेक्षा मोठी अडचण गेटची होती. आमच्याकडे गेटवर ॲप आहे, येणाऱ्याचा फोटो, नाव, मोबाइल, कुठल्या फ्लॅटला जायचंय. रोज कामाला येणाऱ्या बायकांचे पास आहेत, पण त्यांच्याच सुना-लेकी मुलाला घेऊन फॉर्मसाठी आल्या की रांगेत उभ्या, फोटो काढा, नंबर सांगा. काही जणी गेटवरूनच परत गेल्या, आम्हाला नंतर कळलं. सेविकाताई म्हणाल्या, तुम्हीच वर या. आणि त्यानंतर आम्ही टेकडीवरच्या मंडळाच्या खोलीत बसायला लागलो, तिथे लाइट आहे, एक फॅन आहे, चपला बाहेर काढून जमिनीवर बसायचं, पोरं समोरच्या चौकात खेळतात, आणि पहिल्याच रविवारी पार्किंगमध्ये यायची त्याच्या कितीतरी पट गर्दी. मदत करणाऱ्याच्या सोयीची जागा आणि मदत घेणाऱ्याच्या सोयीची जागा यात फार फरक आहे, आमच्या कमिटीत हे अजून कोणाला पटत नाही ते सोडा.

आता नकाशाबद्दल सांगते, कारण सगळ्यात जास्त फॉर्म इथेच बिघडतात. फॉर्ममध्ये गूगल मॅपवर घराचं लोकेशन टाकावं लागतं, लाल फुगा ओढून बरोब्बर आपल्या घरावर आणायचा. त्यावरून शाळेचं अंतर सरळ रेषेत मोजतात आणि एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना सोडतीत आधी प्राधान्य, मग एक ते तीन. फुगा भलतीकडे पडला आणि पडताळणीत अंतर चुकीचं निघालं तर लागलेला नंबर जातो. टॉवरमध्ये बसून हे सोपं वाटतं हो, बिल्डिंगचं नाव टाकलं की झालं. टेकडीवर काय टाकणार? अमुक चाळ, तमुक दुकानाच्या मागे, पायऱ्यांच्या डावीकडे. म्हणून आम्ही घरोघरी जाऊन उंबऱ्यात उभं राहून लोकेशन घेतो. एक माणूस जाईल एवढीच गल्ली, वरून दोन्हीकडचे पत्रे एकमेकांना टेकलेले, जीपीएस बिचारं घाबरून निळा ठिपका पार दुसऱ्या टेकडीवर नेऊन ठेवतं. मग सॅटेलाइट व्ह्यू लावायचा. त्यात नुसते पत्रे, निळी ताडपत्री, काळ्या टाक्या. एका आईने बोट ठेवलं, "हे आमचं, ही ताडपत्री आमची." तिचा नवरा मागून म्हणाला, "ती गेल्या पावसात उडाली की." मग शेजारणी जमल्या, नळाची पाइपलाइन कुठून वळते, देवळाचा कळस कुठे दिसतो, तिथून खाली मोजत मोजत सात घरं सोडून आठवं असं करून फुगा बसवला. पाच बायका एका मोबाइलवर वाकलेल्या, आणि ज्या मुलासाठी हे सगळं चाललेलं तो माझ्या चपला घालून गल्लीत फिरत होता.

हे सरळ रेषेतलं अंतर म्हणजे पण एक विनोदच आहे. नकाशात शाळा सातशे मीटर, प्रत्यक्षात टेकडी उतरा, एलबीएस क्रॉस करा, स्टेशनचा पूल चढा, पूर्वेला उतरा, मग शाळा. सहा वर्षांच्या पोराला घेऊन रोज हे कोण करणार, आई कामाला सातला निघते. म्हणून शाळा निवडताना आम्ही आता आधी विचारतो, सोडायला कोण जाणार, आणायला कोण जाणार? हे न विचारता दहाच्या दहा शाळा भरून ठेवल्या आणि नंबर नेमका रेल्वे लाइनच्या पलीकडे लागला की पंचाईत, कारण लागलेली शाळा नाकारली तर पुढच्या फेरीत त्या मुलाचा विचार होत नाही.

२०२४ चं वर्ष आठवलं की अजून डोकं फिरतं. फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर तिथल्या खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मुंबईत महापालिकेची नाहीतर अनुदानित शाळा कुठे नाही एक किलोमीटरच्या आत? पोर्टलवर बघतो तर सगळ्या तिथे एरवीही फुकट प्रवेश मिळणाऱ्या शाळा. लोक म्हणाले मग फॉर्म कशाला भरायचा, आमच्याकडेही उत्तर नव्हतं. मग पालक आणि संघटना कोर्टात गेल्या, मे महिन्यात मुंबई हायकोर्टाने स्थगिती दिली, फॉर्म नव्याने सुरू, आणि तोवर निम्मी टेकडी मे महिन्याच्या सुट्टीत कोकणात गेलेली. सेविकाताई फोनवर फोन, कागद गावाकडून व्हॉट्सॲपवर, नेटवर्क नाही, वाडीवरून कोणीतरी सड्यावर चढून फोटो पाठवतोय असला सगळा प्रकार. १९ जुलैला कोर्टाने तो बदल रद्दच केला आणि त्यानंतर कुठे प्रवेशाचं मार्गी लागलं, पण शाळा तर जूनमध्येच सुरू झालेल्या. काही जणांनी तोवर दुसरीकडे पैसे भरून टाकले होते, ते बुडाले.

फॉर्म भरताना कागद अपलोड करायचे नसतात, त्यामुळे लोकांना वाटतं झालं. खरं काम नंबर लागल्यावर. प्रिंट काढायची, ओरिजिनल आणि झेरॉक्सचे सेट घेऊन पडताळणी समितीकडे जायचं, आणि अर्ज भरायच्या आधीच्या तारखेचे दाखले हवेत, नंतर काढलेले चालत नाहीत. नावात फरक म्हणजे आईच्या आधारवर माहेरचं नाव आणि जन्मदाखल्यावर सासरचं, हे तर घरटी. आम्ही प्रत्येक कुटुंबाला एक प्लॅस्टिकचं फोल्डर देतो, बटणवालं, त्यात सगळं क्रमाने. एसएमएसवर अवलंबून राहू नका, पोर्टलवर नंबर टाकून स्वतः बघा, हे मी इतक्यांदा बोलते की आता मावशींचा नातू माझी नक्कल करतो. आणि एका मुलाचे दोन फॉर्म भरू नका, दोन्ही बाद होतात. मामाने एक भरलेला असतो आणि बापाने एक, विचारून घ्या.

मग शाळा. एका शाळेने, नाव घेत नाही, ॲडमिशनच्या वेळी ॲक्टिव्हिटी फी म्हणून मोठी रक्कम मागितली, पावती न देता. शाळांची पण बाजू आहे, सरकारकडून परतावा वेळेवर येत नाही, बरीच वर्षं तो वर्षाला १७,६७० रुपये होता आणि तोही थकलेला, हे त्यांच्या संघटना जाहीरपणे बोलतात. पण त्याची वसुली पोळ्या लाटणाऱ्या बाईकडून कशी काय करणार तुम्ही? आमच्या ए विंगचे निवृत्त बँकवाले काका त्या आईसोबत गेले, भांडले बिंडले नाहीत, फक्त म्हणाले मागणी लेखी द्या, आम्ही शिक्षणाधिकाऱ्यांना विचारून घेतो. लेखी काही मिळालं नाही आणि मागणीही परत झाली नाही. हे वाक्य आम्ही आता सगळ्यांना पाठ करून घेतो.

प्रवेश झाला की आपलं काम संपलं असं आम्हाला वाटलेलं, तसं काही नसतं. वर्गाचा पालकांचा ग्रुप इंग्लिशमध्ये, उद्या येलो डे आहे, परवा फ्रूट सॅलड ॲक्टिव्हिटी, आणि आईला तो मेसेज वाचता येत नाही म्हणून पोर पांढऱ्या शर्टात एकटं. मग आमच्या नववी-दहावीतल्या मुलींनी तो विषय घेतला, आया मेसेज त्यांना फॉरवर्ड करतात, त्या मराठीत व्हॉइस करून पाठवतात. एका मुलीने तर सरळ एका आईला मोबाइलवरचं भाषांतर वापरायला शिकवलं, ती आई आता बाकीच्यांना शिकवते आणि आमच्या पोरींकडे येणारे मेसेज कमी झालेत. शनिवारी संध्याकाळी त्याच मंडळाच्या खोलीत अभ्यास चालतो, त्यात आमच्या सोसायटीची पण दोन-तीन मुलं जातात, अभ्यासापेक्षा क्रिकेटसाठीच जास्त, आया आहेत लक्ष ठेवायला. गेल्या दहीहंडीला वरच्या मंडळाने आमच्या पोरांना खालच्या थरात घेतलं, तेव्हा त्यांच्या आयांचा जीव वर-खाली, पण पोरं जाम खूश. तो फोटो पण ग्रुपवर आला, यावेळी सिक्युरिटीबद्दल कोणी विचारलं नाही.

तर ज्यांना आपापल्या एरियात हे करायचंय त्यांनी दिवाळी झाली की आधी जवळच्या अंगणवाडीत जाऊन ताईंना भेटा, उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले तेव्हाच टाकायला लावा, फॉर्मची तारीख दरवर्षी बदलते आणि ऐनवेळी दाखले काढायच्या सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. फॉर्म भरायला बसणाऱ्यांमध्ये एक तरी माणूस असा घ्या जो घाई करत नाही. आमच्याकडे सध्या अडचण आहे ती प्रिंटरची, टोनरचे पैसे मंडळाने द्यायचे का सोसायटीच्या वेल्फेअर फंडातून मागायचे यावर सेक्रेटरीकाका आणि मंडळाचे खजिनदार यांचं अजून चालूच आहे. कोणाकडे चालू स्थितीतला पडून असेल तर कळवा, लेझर हवा, इंकवाला नको, तो पावसाळ्यात वर टिकत नाही.